रशिया बाहेर पडला, फटका कोणाला?

चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली ती एप्रिल १९८६मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियातल्या शाख्ती या शहरातल्या एका माणसाला लष्करी हुकमाने तिथल्या कामावर धाडण्यात आले. किरणोत्सर्गाने त्याची तब्येत कायमची बिघडली. नुकसानभरपाई मंजूर झाली, पण हातात छदाम पडेना. तो कोर्टात गेला. १९९७मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. वसुलीला गेलेल्या बेलिफांना सरकारी कार्यालयाने ठरलेले उत्तर दिले : निधी नाही. सरकारदरबारी खेटे घातलेल्या मराठी वाचकाला यापुढचे सांगायला नको.

या माणसाकडे मात्र आणखी एक दार होते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरातल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे त्याने २०००मध्ये अर्ज केला. वर्षभरात थकबाकी चुकती झाली! तरीही न्यायालयाने प्रकरण मिटवले नाही. तिजोरीत पैसे नाहीत म्हणून कोर्टाचा हुकूम डावलण्याची मुभा सरकारला नाही, असे सांगत ७ मे २००२ रोजी त्याला आणखी ३,००० युरो देववले. रशियाविरुद्ध या न्यायालयाने दिलेला हा पहिलाच निकाल. पुढे पुन्हा तीच रड सुरू झाली. २००९च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने रशियाला ही व्यवस्थाच सुधारायला सांगितले, आणि पुढच्याच वर्षी रशियाला कोर्टाच्या रखडलेल्या हुकमांबद्दल भरपाई देणारा कायदा करावा लागला.

हे दार उघडले होते ते ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या सभासदत्वामुळे. ही संस्था आणि युरोपीय संघ या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. झेंडा एकच असल्यावर होणारच. तो आधी कौन्सिलचा, १९५५पासूनचा. कौन्सिलचे काम मुख्यतः मानवी हक्क, लोकशाही आणि कायद्याचे राज्य यांचे. युरोपीय संघ सोडून गेलेला ब्रिटन इथे अजूनही सभासद आहे.

रशियाला फेब्रुवारी १९९६मध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा चेचन्यात युद्ध चालू होते. आत घेऊन सुधारावे, असा हिशेब होता आणि तो अगदीच चुकला असे मला वाटत नाही. फाशीबंदीची अट रशियाने कायद्यात कधीच पक्की केली नाही, पण त्या वर्षानंतर तिथे कोणाला फाशीही दिली गेली नाही.

चुकले ते पुढे. २०१४मध्ये क्रायमिया गिळल्यावर कौन्सिलच्या संसदीय सभेने रशियन प्रतिनिधींचा मताधिकार काढून घेतला. रशियाने २०१७मध्ये वर्गणी थांबवली. मोठ्या वर्गणीदाराने हात आखडल्यावर कौन्सिलला पैशांची चणचण भासू लागली. २०१९मध्ये क्रायमिया रशियाकडेच असताना मताधिकार परत मिळाला, आणि युक्रेनचे प्रतिनिधी उठून गेले. तत्त्व पैशापुढे नमते, हा धडा मॉस्कोला तिथेच मिळाला, असे माझे मत आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी रशियाचे प्रतिनिधित्व स्थगित झाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव म्हणाले, आता फाशी परत आणायला मोकळीक आहे. १५ मार्चला रशियाने स्वतःच राजीनामा दिला. १६ मार्चला कौन्सिलने राजीनाम्याची मुदत संपण्याची वाट न पाहता रशियाला बाहेर काढले. हाकलण्याआधी निघून जाण्याची युक्ती १९६९मध्ये ग्रीसच्या लष्करशहांना साधली होती, रशियाला साधली नाही. लष्करशाही कोसळल्यावर १९७४मध्ये ग्रीस परत आला.

रशियाला काढले नसते तर कौन्सिलला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण भुर्दंड राज्यकर्त्यांना पडला नाही. रशियाविरुद्धचे १७,०००हून अधिक अर्ज तेव्हा स्ट्रासबुर्गला पडून होते. जुन्या प्रकरणांचे निकाल अजूनही लागतात. जुलै २०२५मध्ये युक्रेनमधल्या अत्याचारांबद्दल आणि एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडल्याबद्दल न्यायालयाने रशियाला जबाबदार धरले. रशिया ते मानत नाही. आणि १६ सप्टेंबर २०२२नंतर रशियाने केलेल्या अन्यायाची दाद तिथल्या नागरिकाला स्ट्रासबुर्गला मागता येत नाही.