लोणावळ्याचा महसीर कावेरीत!
मासा वाचवायचा म्हणजे पिल्लं वाढवून नदीत सोडायची, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! निळ्या परांचा महसीर (टॉर खुद्री) कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. पुढे धरणं झाली, मासा घटला. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याची पैदास सुरू झाली. कामगिरी मोठीच. पण ही पिल्लं कावेरीतही गेली. तिथला मूळ रहिवासी नारिंगी शेपटीचा, पाठीला कुबड असलेला महसीर. पाहुणा फोफावला, घरधनी आक्रसला! २०१८ पासून आययूसीएनच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. (धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी हेही आहेच.)

म्हणून नदीवर येणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं : आधी ओळख पक्की करा. पार्श्वरेषेवरचे खवले मोजा, मिशा बघा. मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागते. जाळं टाकणाऱ्या भोईकाकांशी बोला, त्यांना डोह तोंडपाठ असतात.

आणि कृपा करून, घरच्या टाकीतले मासे पुण्य म्हणून नदीत सोडू नका.