आंदोलनात दुसऱ्याची गाडी अडविणे : कायदा काय म्हणतो व काय म्हणावा

उसाचा दर, दुधाचा भाव, कर्जमाफी, कालव्याचे आवर्तन, कारण कोणतेही असो, आपल्या सोलापूर जिल्ह्यात गाऱ्हाणे विकोपास गेले की लोक हमरस्त्यावर येऊन बसतात. मोहोळ, टेंभुर्णी, मंगळवेढा या बाजूंच्या वाचकांस हा देखावा नवा नाही. पुढे पोलिसांकडून समज आली की घरोघर एकच प्रश्न निघतो : आम्ही कोणास मारले नाही, कोणाचे काही मोडले नाही, नुसती गाडी थांबविली, तर हा गुन्हा कसा? दुसऱ्या बाजूस, गाडीत अडकलेला मनुष्य विचारतो की माझा यात काय दोष? दोन्ही प्रश्न खरे आहेत. प्रस्तुत लेखकाची उमर महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली असल्यामुळे या विषयाची कागदी बाजू थोडीबहुत परिचयाची आहे. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम सध्याचा कायदा पाहू. ज्या दिशेने जाण्याचा एखाद्यास हक्क आहे त्या दिशेने त्यास बुद्ध्या जाऊ न देणे, हा १८६० च्या भारतीय दंड संहितेपासूनच गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली व हेच कलम १२६ झाले. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. मात्र चोहोबाजूंनी गराडा घालून, आतील मनुष्यास कोणत्याच दिशेने हलता येऊ नये असे केले, तर ती नुसती अडवणूक न राहता कोंडून ठेवणे होते. त्यास कलम १२७ लागते व शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. घेराव म्हणतात तो याच सदरात पडतो. सार्वजनिक वाटेस अडथळा करणे हे कलम २८५ निराळे; त्यास केवळ दंड आहे. तेव्हा गाडी अडविणे गुन्हा असावा की नाही, हा प्रश्न वस्तुतः शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. प्रश्न उरतो तो कितपत मोठा गुन्हा मानावा, हा.

हे तत्त्व शेतकऱ्यास परके वाटावयास नको. बांधावरून गेलेली वहिवाटीची गाडीवाट शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली, तर आपण काय करतो? मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागतो, आणि तीही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ज्यास वाटच नाही त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. या प्रकरणांत अर्जदाराचे म्हणणे एकच असते. शेजाऱ्याचा राग खरा असेल, त्याचा हिस्सा कमी मोजला गेला असेल, परंतु माझा ऊस फडात वाळत आहे, माझी बैलगाडी त्याने का अडवावी? कचेरीतील प्रत्येकास हे म्हणणे रास्त वाटते. हमरस्त्यावर अडकलेल्या गाडीवाल्याचे म्हणणेही अक्षरशः हेच असते.

तरीही दोहोंत एक अंतर आहे व ते विसरून चालणार नाही. शेजारी वाट अडवितो ती स्वतःच्या लाभासाठी. शेतकरी रस्ता अडवितो तो बहुधा अन्य दारे बंद झाल्यावर. १९८० साली कांद्याच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चाकण येथे पुणे-नाशिक रस्ता अडविला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऊस व कांद्यासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते व रेल्वे अडविली, तेव्हा खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मरण पावले. १९८१ च्या मार्च महिन्यापासून निपाणी येथे तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले, आणि ६ एप्रिल रोजी तेथे गोळीबार होऊन अनेक शेतकऱ्यांचे प्राण गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला नेण्यात येणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळातील शेतकऱ्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडविला. तेथेही गोळीबारात तीन जण मृत्यू पावले, त्यांत एक स्त्री होती. ज्या कृत्यास कायद्याने महिन्याची साधी कैद सांगितली, त्यापायी माणसे जिवास मुकली. शिक्षेचे माप कसे असावे याचा विचार करताना हे डोळ्यांपुढे ठेवलेच पाहिजे.

आता कलमांची भर कशी पडते ते पाहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश जिल्ह्यात वारंवार निघतात. कचेरीच्या फलकावर ते लागलेले असतात, परंतु फलक वाचून घराबाहेर पडणारा शेतकरी अद्याप माझ्या पाहण्यात नाही. तेवढ्याने कलम १३५ लागते. पाच जण जमले तर बेकायदा जमावाचे कलम येते. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्यास १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमातील कलम ८ ब हेही कधी लावले जाते, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. हे कलम महामार्गाची नासधूस करून तो जाण्यास अयोग्य वा धोक्याचा करणाऱ्यासाठी आहे. रस्ता खणणाऱ्यास किंवा डांबरावर टायर जाळणाऱ्यास ते लावले तर तक्रार नाही. परंतु माणसे बसली व उठून गेली, रस्ता जसाच्या तसा राहिला, तेथे ते लावणे माझ्या मते कायद्याच्या शब्दांस धरून नाही. अडवणुकीची शिक्षा वाढवावी अशी मागणी अधूनमधून होते. इंग्लंडात २०२२ च्या कायद्याने, पूर्वी केवळ दंड असलेल्या रस्ता अडविण्याच्या गुन्ह्यास कैद जोडली. आपल्याकडे त्याची गरज दिसत नाही. आहेत तीच कलमे जेथल्या तेथे लावली तरी पुष्कळ.

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीतील शाहीनबागेच्या प्रकरणात सांगितले की शांततेने निषेध करण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येणार नाही. म्हणजे रस्त्यावर येणे हा हक्क आणि रस्ता धरून बसणे हा अपराध, यांमधील रेषा मुख्यतः काळाची व मापाची आहे. तासभर बसून निवेदन देऊन उठणे आणि तीन दिवस दोन्ही बाजूंच्या गाड्या रोखणे, ही एक गोष्ट नव्हे.

याहूनही स्पष्ट रेषा माझ्या मते दुसरी आहे. रस्ता अडविणे व अमुक माणसास अडविणे यांत फरक केला पाहिजे. रस्त्यावर बसणाऱ्याचे भांडण सरकारशी असते. परंतु चार जण एका मोटारीस वेढून काचेवर थापा मारू लागले, किल्ली काढून घेतली, आतील बायकामुले भेदरली, म्हणजे भांडण सरकारशी उरत नाही. ते त्या कुटुंबाशी होते, आणि त्या कुटुंबाने उसाचा दर ठरविलेला नसतो. पहिल्या कृत्यास दंड पुरे. दुसऱ्यास कैद असावी, आणि ती आहे, ही गोष्ट योग्यच आहे. जुलै २०१८ च्या दूध आंदोलनात टँकर अडविले गेले तेव्हाही हाच विचार करावयास हवा होता. टँकर संघाचा असला तरी आतील दूध दोन म्हशी पाळणाऱ्या बाईचेही असते.

कायद्याने येथे एक शहाणपणाची सोय ठेवली आहे. कलम १२६ व १२७ ही अडविलेल्या मनुष्यास स्वतः मिटविता येतात. त्याने तडजोड केली तर खटला संपतो. सार्वजनिक वाटेच्या अडथळ्याचे कलम मात्र कोणा एकास मिटविता येत नाही, कारण तेथे अपराध सर्वांचा.

राहता राहिली खटले मागे घेण्याची गोष्ट. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले काढून घेण्याविषयी राज्य सरकारचे निर्णय वेळोवेळी निघतात. जीवितहानी झालेली नसावी व मालमत्तेची हानी ठरलेल्या मर्यादेपलीकडे नसावी, अशा त्यांत अटी असतात. पण मंत्र्यांनी सभेत घोषणा केली म्हणजे खटला संपला असे नव्हे. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते; पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली होते. तोवर प्रकरण उभेच असते. मुलगा पोलीस भरतीस जातो, पारपत्रासाठी अर्ज करतो, तेव्हा चारित्र्य पडताळणीत ते निघते. म्हणून ज्यांची नावे अशा प्रकरणांत आहेत त्यांनी घोषणेच्या कात्रणावर विसंबून राहू नये. खटला क्रमांक घेऊन न्यायालयातून आदेशाची नक्कल काढावी व ती सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणे जपून ठेवावी.