कागदाच्या अंगावरील पाट

भाईंदरचें मिठागर ज्यांनीं जवळून पाहिलें आहे, त्यांना या विषयाचें मर्म समजावयास फारसा वेळ लागूं नये. खाडीचें पाणी आंत घ्यावयाचें, मातीच्या बांधांनीं त्याची वाट ठरवावयाची आणि एका वाफ्यांतून दुसऱ्यांत नेतां नेतां त्यांतील मीठ मिळवावयाचें, एवढा तो व्यवहार. तसाच व्यवहार बोटभर कागदावर रक्ताच्या वा लघवीच्या थेंबाशीं करतां येतो.

दिव्याची वात तेल वर ओढते, टीपकागद शाई पितो. त्याच गुणानें कागदाच्या तंतूंतून थेंब आपण होऊन पुढें सरकतो. पंप नको, वीज नको. बांध मात्र हवेत. मेण कागदांत मुरलें कीं पाणी तें ओलांडीत नाहीं. १९४९ सालींच म्यूलर व क्लेग यांनीं गाळणकागदावर पॅराफिनचे बांध घालून पाहिले होते. पण ती वाट बराच काळ ओसाडच राहिली. २००७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या मंडळींनीं कागदावर पाटाला फांटे पाडले. कृत्रिम लघवीचा थेंब दिला, तेव्हां साखरेच्या जागीं तपकिरी डाग पडला आणि प्रथिनाच्या जागीं पिवळ्याचा निळा झाला.

घरोघर पोहोंचली ती मात्र या कागदाची चुलत बहीण. २०२१ च्या मे महिन्यांत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ या घरींच करावयाच्या कोरोना-चांचणीस मान्यता दिली. अशा चांचणींतील पट्टी नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे कागदाच्याच कुळांतली. नाकांतील स्राव द्रावणांत मिसळून त्याचे थेंब टाकले, कीं प्रवाह वाटेंतले रंगीत कण घेऊन निघतो. कणांना विषाणूचें प्रथिन चिकटलें असेल, तर ते ‘टी’ या रेघेवर अडकतात. ‘सी’ ही रेघ मात्र विषाणू असो वा नसो, उमटलीच पाहिजे. न उमटल्यास ती चांचणी झालीच नाहीं असें समजावें.

खरी फसगत होते ती ‘टी’ची जागा कोरी राहिली म्हणजे. विषाणू थोडा असला तर पुरेसे कण अडकत नाहींत व रेघ डोळ्यांस दिसत नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत म्हातारी माणसें असतां, अंगांत ताप घेऊन, केवळ त्या कोऱ्या जागेच्या भरंवशावर कोणी सकाळची चर्चगेट लोकल गांठूं लागला, तर तो दोष पट्टीचा नव्हे. लक्षणें असून पट्टी कोरी आली तर आरटी-पीसीआर करून घ्यावी, असें परिषदेनें मान्यता देतांनाच बजावलें होतें. शिवाय घड्याळ समोर असावें. निकाल १५ मिनिटांनीं वाचावयाचा. २० मिनिटें उलटल्यावर उमटलेली रेघ जमेस धरावयाची नाहीं.