कार्यप्रवाह संगणकप्रणालीची सोर्स कोडपासून उभारणी : हवामान अंदाजाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघर-भंडारदरा परिसरात मुसळधार पाऊस पडतो, तर कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. एकाच जिल्ह्यातील ही तफावत टिपण्यासाठी हवामान प्रारूपाची जाळी बारीक असावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या जाळीतील अंतर ६ किलोमीटर आहे. पूर्वी ते १२ किलोमीटर होते. ‘डब्ल्यूआरएफ’ या मुक्त प्रारूपामुळे असा अभ्यास महाविद्यालयातही करता येतो. त्यासाठी लागणाऱ्या प्रणालींची उभारणी कशी होते, याचे विवेचन येथे केले आहे.

कार्यप्रवाह प्रणालीचे स्वरूप :
निरीक्षणे मिळविणे, प्रारंभिक स्थिती तयार करणे, प्रारूप चालविणे आणि नकाशे काढणे ही कामे ठरावीक क्रमानेच व्हावी लागतात. युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राची ‘ईसीफ्लो’ ही प्रणाली हा क्रम सांभाळते. आधीचे काम पूर्ण झाल्याखेरीज त्यावर अवलंबून असलेले काम सुरू होत नाही. त्यामुळे अपुऱ्या माहितीवर अंदाज तयार होण्याचा धोका टळतो.

उभारणीचा क्रम :
ईसीफ्लो ही सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली आहे. तिच्या उभारणीसाठी सीमेक व ईसीबिल्ड ही साधने आणि ‘बूस्ट’ ही लायब्ररी आवश्यक असते. बूस्ट स्वतंत्र फोल्डरमध्ये उभारल्यास तिचा मार्ग सीमेकला कळवावा लागतो. चित्ररूप दर्शनासाठी ‘क्यूटी’ लायब्ररी लागते. तथापि, केवळ सर्व्हर चालवायचा असल्यास तो पर्याय बंद ठेवता येतो व बरेच श्रम वाचतात. पायथनचा पर्याय घेतल्यास उभारणीच्या वेळी वापरलेली पायथनची आवृत्तीच पुढेही वापरावी लागते.

डब्ल्यूआरएफच्या बाबतीत झेडलिब, एचडीएफ-५, नेटसीडीएफ-सी व नेटसीडीएफ-फोरट्रान हा क्रम पाळावा लागतो, कारण प्रत्येक लायब्ररी आधीच्या लायब्ररीवर उभी असते. त्या सर्वांसाठी एकच कंपायलर वापरणे इष्ट होय. एका फोरट्रान कंपायलरने तयार केलेल्या मॉड्यूल फाइली दुसऱ्यास सहसा वाचता येत नाहीत.

काही दोष उभारणीच्या वेळी दिसत नाहीत. संगणकावर त्याच लायब्ररीची जुनी आवृत्ती आधीच असल्यास उभारणी निर्वेध पार पडते, पण प्रणाली सुरू होताच बंद पडू शकते. अशा वेळी ‘एलडीडी’ या आज्ञेने कोणती लायब्ररी जोडली जात आहे, हे तपासता येते.

निष्कर्ष :
लायब्ररींच्या आवृत्त्या, कंपायलर, क्रम व निवडलेले पर्याय यांची लेखी नोंद हा संशोधनसाहित्याचाच भाग मानला पाहिजे. अशी नोंद नसल्यास संगणक बदलताच किंवा जाणकार व्यक्ती विभाग सोडून जाताच संपूर्ण काम नव्याने करावे लागेल. शिवाय, पूर्वीच्या निष्कर्षांची पडताळणीही अवघड होईल. विभागात अशी नोंदवही ठेवण्यास कोणताही खर्च येत नाही. ती प्रत्येक उभारणीबरोबर अद्ययावत करण्याची शिस्त मात्र अंगी बाणविणे आवश्यक आहे.