बडागाव दरवाजाबाहेरची आई

झाशीला गेलेला मराठी माणूस किल्ला चढतो, राणीमहाल पाहतो आणि वेळ उरला तर ओरछा गाठतो. बडागाव दरवाजाकडे तो सहसा वळत नाही. त्या बाजूच्या स्मशानभूमीत जगरानीदेवी तिवारींची समाधी आहे. चंद्रशेखर आझादांच्या या आई.

त्यांचा संसार झाशीत झालाच नाही. तो झाला अलिराजपूर संस्थानातल्या भाबऱ्यात, भिल्लांच्या मुलखात, एका झोपडीत. २३ जुलै १९०६ ला चंद्रशेखर तिथेच जन्मला. मुलगा संस्कृत पंडित व्हावा म्हणून काशीला धाडला. तो १९२१ च्या असहकारात पकडला गेला, पंधरा फटके खाऊन ‘आझाद’ झाला आणि आईच्या वाट्याला मग फारसा आलाच नाही. काकोरीच्या रेल्वे लुटीनंतर पोलीस मागावर असताना तो झाशीजवळ सातार नदीकाठी हरिशंकर ब्रह्मचारी बनून राहिला. आई मात्र दूर भाबऱ्यात वाट पाहत होती.

२७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादेत आझाद गेले. पुढे नवराही गेला. पोटची बाकीची मुलंही उरली नव्हती. म्हातारीने लाकडं विकून, कोदो उकडून दिवस काढल्याचं सांगतात. कोदो म्हणजे आपल्याकडची हरीक. गरिबाच्या ताटातलं धान्य. चंदू परत येईल तेव्हाच सोडीन, असं म्हणून त्यांनी दोन बोटं दोऱ्याने बांधून ठेवली होती, अशीही आठवण सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर त्यांची विचारपूस करायला आले ते आझादांचे झाशीतले साथीदार, सदाशिवराव मलकापूरकर. घराणं मराठी. १९२९ मध्ये भगवानदास माहौरांबरोबर भुसावळ स्टेशनवर ते शस्त्रांसह पकडले गेले होते. खटला जळगावात चालला, आणि तिथेच फेब्रुवारी १९३० मध्ये माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. खानदेशातल्या किती वाचकांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

सदाशिवराव तुरुंगात असताना त्यांची स्वतःची आई गेली, असं म्हणतात. त्यांनी जगरानीदेवींना झाशीला आणलं. कधी त्यांच्या घरी, कधी माहौरांकडे म्हातारी राहिली. पोरगा ज्या गावात लपून राहिला, तिथे आई उघडपणे पोहोचली, तोवर त्याला जाऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सदाशिवरावांनी त्यांना तीर्थयात्राही घडवली.

२२ मार्च १९५१ ला जगरानीदेवी गेल्या. अग्नी सदाशिवरावांनी दिला.