अण्णांची वीतभर खडी

हॅमिल्टनच्या आमच्या घरी गॅरेजमध्ये गाडी राहत नाही, आगगाडी राहते. आर. डब्ल्यू. होम्स यांनी १८९८ साली आखलेल्या रौरिमू स्पायरलचा एक तुकडा मी १:१२० प्रमाणात बांधतो आहे. इथल्या रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर. या प्रमाणात ते ९ मिलिमीटरच्या जवळ येतं, म्हणून एन गेजचे तयार रूळ चालतात.

गेल्या वर्षी इगतपुरीहून अण्णा आले तेव्हा खडी टाकणं चाललं होतं. अण्णा कसारा घाटात गँगमन होते. शाळेच्या फॉर्मवर मी मात्र 'रेल्वेत नोकरी' एवढंच लिहायचो.

मी त्यांना माझी पद्धत दाखवली. कोरडी खडी चमच्याने पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये सारायची. भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं, नाहीतर गोंद वरच गोळा होतो, आत मुरत नाही. मग पांढऱ्या गोंदात तेवढंच पाणी घालून ड्रॉपरने सोडायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं.

अण्णांनी चिमटीत खडी घेतली. "चिकटवतोस? मग ही खडी कसली?"

त्या दुपारी ते बोलत राहिले. खडी कोनदार हवी. गोटे घसरतात, कोन एकमेकांत अडकतात. स्लीपरवरचा भार ती खाली पसरवते, पाणी वाहून जाऊ देते. तिच्यात चिखल भरला की गाडीखाली रूळ खालीवर होतो. मग ती उपसायची, चाळायची, परत भरायची आणि स्लीपरखाली बीटरने ठोकून बसवायची. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन घाटात गस्त घालायची ती वेगळीच. पहाटे ते घरी यायचे तेव्हा मी झोपलेला असायचो. यातलं काहीही मी कधी विचारलं नव्हतं.

चष्मा लावून, टूथपिक घेऊन त्यांनी वीतभर रूळ स्वतः भरला. ६५ मिलिमीटरचा खडा इथे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! "सांध्यापाशी गोंद नको, अडकेल," म्हणाले. एक सांधा मी आधीच तसा अडकवून बसलो होतो, ते मी सांगितलं नाही.

त्यांच्या वीतभर तुकड्यावर त्यांनी गोंद घालू दिला नाही. टेबलाला धक्का लागला की तिथले खडे रुळावर येतात. दर रविवारी फोनवर अण्णा विचारतात, "खडी सरकली का रे?"

"सरकली," म्हणतो, आणि ब्रश घेऊन बसतो.