गोठ्यातील छुपा विषाणू

एकाच गोठ्यात एक गाय वारंवार उलटते, दुसरी अवेळी गाभडते आणि वासरे एकामागून एक खोकल्याने व हगवणीने आजारी पडतात, असे कधी कधी घडते. प्रत्येक जनावरावर निराळा उपचार होतो; परंतु या सर्वांचे मूळ दावणीच्या एखाद्या वासरात असू शकेल, ही शंका सहसा कोणास येत नाही. गुरांची विषाणुजन्य हगवण, म्हणजेच बोव्हाईन व्हायरल डायरिया, हा असाच छुपा रोग होय. १९४६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याचे प्रथम वर्णन झाले. भारतातील गुरांतही त्याचा विषाणू आढळला आहे.

शरीराचे जागले

गावात चोर शिरताच जागल्या आरोळी ठोकतो व गाव जागे होते. शरीराचे रक्षणही अशाच निरोपांवर चालते. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडते. त्यायोगे शेजारच्या पेशी सावध होतात व रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना संकेत मिळतो. पहिल्या फळीतील या पेशी पुढील फळीस शत्रूची ओळख पटवितात आणि मग प्रतिद्रव्ये तयार होतात.

हा विषाणू नेमकी ती आरोळीच दाबतो. इंटरफेरॉन तयार करण्याची आज्ञा देणारा पेशीतील घटक तो आपल्या एका प्रथिनाकरवी नष्ट करवितो. मोठे जनावर बहुधा दोन-तीन आठवड्यांत त्यावर मात करते. तथापि तेवढ्या अवधीत पांढऱ्या पेशी घटून फुफ्फुसदाहासारख्या रोगांना वाट मिळते.

गर्भातील संसर्ग

खरा धोका गाभण गाईस आहे. गर्भ सुमारे चार महिन्यांचा होण्यापूर्वी संसर्ग झाल्यास, आपले व परके ओळखण्यास शिकत असलेले त्याचे शरीर विषाणूला घरचाच समजते. असा गर्भ जगल्यास ते वासरू जन्मभर विषाणू बाळगते व नाकातील स्राव, लाळ आणि मूत्र यांवाटे तो पसरविते. काही वासरे खुरटी राहतात. काही मात्र धडधाकट दिसतात, म्हणूनच ती अधिक घातक ठरतात. अशी कालवड पुढे व्यायली तर तिचे वासरूही तसेच निपजते.

काय करावे

अशा वासरास बरे करणारे औषध नाही. लसीनेही ते विषाणुमुक्त होत नाही. गाभडण्याची कारणे अनेक असल्याने तर्कावर विसंबू नये. पशुवैद्यकाकडून रक्ताची अथवा कानाच्या लहानशा तुकड्याची तपासणी करून घ्यावी. विषाणू आढळल्यास सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. दुसऱ्यांदाही आढळल्यास तो कायमचा समजावा. असे जनावर गाभण गाईंपासून दूर, स्वतंत्र बांधावे. ते फळवू नये व बाजारात विकू नये. गाभण गाय विकत घेतल्यास तिचे वासरू जन्मताच तपासावे, कारण आई निर्दोष असूनही वासरू विषाणू बाळगून असू शकते.

नॉर्वे व स्वीडन यांनी १९९० नंतरच्या दशकात अशी जनावरे हुडकून कळपांतून काढण्यास आरंभ केला आणि पुढे लसीवाचून रोग हटविला. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उलटणाऱ्या गाई, गाभडणे व वासरांचे आजार यांची गोठावार नोंद ठेवल्यास येथेही छुपा विषाणू वेळीच उघडकीस येईल.